बिऱ्हाडाची गाडी

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला मी निबंधासाठी विषय दिला होता : ‘सहकुटुंब दूरचा प्रवास आणि मी निवडलेले वाहन’. जिवतीच्या डोंगरावरील मुलांना असा प्रवास कुठून घडायचा, अशी शंका मनात होतीच. पण एका मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या एका मोटारीचे वर्णन मोठ्या झोकात केले होते. निजायची फळी तिच्यातच, शेगडी तिच्यातच, पाण्याची टाकी तिच्यातच, आणि छपरावर उन्हातून वीज धरून ठेवणारी काच. अशा मोटारीत बसून माणसे बायकामुलांसह महिनेच्या महिने देशोदेशी हिंडतात, असे लिहून त्याने शेवटी मलाच विचारले होते, “सर, ही गाडी निवडताना माणसं आधी काय बघत असतील?”

निबंधाला मी दहापैकी सात गुण दिले आणि प्रश्नाचे उत्तर नंतर सांगतो म्हणालो. खरे म्हणजे उत्तर मला तत्काळ सुचले नव्हते. प्रश्न मात्र ओळखीचा वाटला. १९७२ सालच्या दिवाळीनंतर कंधारकडच्या एका खेड्यात माझ्या आजोबांच्या ओसरीवर हाच प्रश्न निघाला होता, आणि त्याच्या उत्तरामुळेच मी आज जिवतीत खडू हातात धरून उभा आहे.

घर बरोबर घेऊन निघणे ही काही आजची टूम नव्हे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली आग्ऱ्याहून पाटण्याकडे जात असता त्याला वाटेत बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्या एका तांड्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते. बायका, मुले, संसार, सारे बरोबर. चालण्याचा वेग म्हणाल तर दिवसाकाठी सहासात मैल, आणि तेही ऊन टाळून. आपल्याला हा आळस वाटेल. पण त्यात मोठा हिशेब होता. त्या काळी गाडीरस्ते थोडे, ओढेनाले फार. बैलाच्या पाठीवरची गोणी जिथे जाते तिथे चाक जात नाही. शिवाय बैल चरत चरत चालला की वैरणीला पैसा पडत नाही. बंजाऱ्याने गाडी नाकारून लादणीचा बैल पत्करला तो गाडी त्याला ठाऊक नव्हती म्हणून नव्हे. स्वस्तात माल न्यायचा, ही त्याची गरज होती.

त्याच शतकात हिऱ्यांच्या व्यापारासाठी हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याची निवड अगदी उलट होती. त्याच्या प्रवासवर्णनात बैलांची पारख मोठ्या बारकाईने सांगितली आहे. आपल्या गाडीच्या दोन बैलांना त्याने जवळजवळ सहाशे रुपये मोजले होते. साठ साठ दिवसांचा प्रवास ते दुडक्या चालीने करीत. दुपारी त्यांना कणीक, लोणी आणि गूळ एकत्र मळून केलेले गोळे मिळत आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे. गाडीसाठी बैल घेताना शिंगे फुटापेक्षा लांब नसावीत, असा त्याचा इशारा आहे; कारण माशी चावली की बैल मान मागे झटकतो आणि लांब शिंग थेट गाडीतल्या माणसाच्या पोटात शिरते. ज्याच्या गाठीला हिरे आहेत त्याला वेळ आणि जीव दोन्ही मोलाचे. तेव्हा तो खर्चाकडे पाहत नाही, शिंगांकडे पाहतो!

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. पुढे रूळ आणि पक्क्या सडका देशभर पसरत गेल्या, तसतसा बंजाऱ्यांच्या लादणीचा धंदा बसत गेला. तांडे ठिकठिकाणी स्थिरावले आणि पुष्कळ बंजारे शेतीकडे वळले. वाहन बदलले की माणसाचा धंदा कसा बदलतो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचित सापडेल. आज आमच्या जिवती तालुक्यात जे बंजारा तांडे आहेत, त्यांतले कितीतरी मराठवाड्यातून इथे आले ते लादणीच्या बैलांवर नव्हे, तर गाड्यांतून.

आता आमच्या मुलखाविषयी दोन शब्द. माणिकगडच्या डोंगररांगेवरील हा प्रदेश पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग, आणि राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मराठी मुलखाकडे आला आणि पुढे चांदा जिल्ह्याला जोडला गेला. इथले मूळचे रहिवासी गोंड आणि कोलाम. रान दाट आणि लोकवस्ती विरळ. तिकडे मराठवाड्यात १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. विहिरी आटल्या, खरीप करपला. धडधाकट माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली, घरोघर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी शिजू लागली, मुलांच्या हाती सुकडी आली. नांदेड, परभणी, लातूर या भागांतून त्या आणि आसपासच्या वर्षांत हजारो माणसांनी जिवतीच्या डोंगराची वाट धरली. माझे आजोबा त्यांतलेच एक.

वाहनाविषयी घरात वाद झाला, असे माझे वडील सांगतात. ते तेव्हा बारा वर्षांचे होते. चुलत आजोबांचे म्हणणे, बैल विकावे, गाडी विकावी आणि आगगाडीने जावे. मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादपर्यंत तेव्हा मीटर गेजची गाडी जात होती. दुसरा मार्ग मालमोटारीचा. पण तिच्या भाड्याला रोख पैसा हवा आणि तो कोणापाशीच नव्हता. तिसरा मार्ग घरच्या बैलगाडीचा. नांदेडला गोदावरी ओलांडून भोकर, हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद अशी मजल दरमजल करीत दोनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवायची, आणि वर शेवटी डोंगराची चढण. अंगाखाली दोन पोरे, एक म्हातारी आणि बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था.

आजोबा शेवटी एवढेच म्हणाले, “बैल इकून तिकीट काढलं, तर तिथं उतरल्यावर औताला काय जुपायचं? मी का तू?”

या एका वाक्यात दुष्काळाचे सारे अर्थशास्त्र आहे. दुष्काळात सगळेच जनावरे विकायला काढतात, म्हणून बाजारात त्यांना मातीमोल किंमत येते. आणि पाऊस पडला की सगळ्यांनाच जनावरे हवी असतात, म्हणून तीच दुप्पट दामाने घ्यावी लागतात. बैल विकून आगगाडीत बसणारा मनुष्य दोन दिवसांत पोचला असता खरा, पण शेतकरी म्हणून निघालेला तो मजूर म्हणून उतरला असता. गाडीने जाणारा दोन आठवड्यांनी पोचला, पण शेतकरी म्हणून पोचला.

मग कोणती गाडी, हाही प्रश्न होताच. रबरी टायरची गाडी ओढायला हलकी आणि गावात एकदोघांपाशी ती होती. परंतु रानातल्या काट्याने टायर बसला तर तो जोडणारा कुठे शोधायचा? लाकडी चाकाचा आरा मोडला तर कोणत्याही गावचा सुतार नवा बसवतो, लोखंडी धाव सैल झाली तर लोहार ती तापवून चढवतो. म्हणून जुनी लाकडी चाकांची गाडीच ठरली. तिच्यावर बांबूचे तट्टे वाकवून छप्पर केले. सामान भरताना आजोबांनी दोनदा उतरवून पुन्हा रचले. कारण ओझे पुढे सरकले तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या माना सोलतात, मागे गेले तर ती उलाळ होते आणि चढावर जू वर उचलले जाते. नांगर, वखर, तिफण, बियाण्याची एक थैली आणि चार भांडी एवढे चढले. आजीचे जाते मात्र राहिले. तेवढ्या वजनात बियाणे बसते, असा हिशेब झाला. आजी त्यावर काही बोलली नाही. पण पुढची चाळीस वर्षे, पीठ जाडे आले की ती त्या जात्याचे नाव काढी.

रात्री बायकामुले गाडीत निजत, पुरुष गाडीखाली, आणि कंदील आसाला टांगलेला असे. दिवसाची मजल ठरवायचे ते बैल. जिथे गवत आणि पाणी, तिथे मुक्काम. डोंगर चढताना माणसे उतरून चाकाला खांदा देत आणि दर दहा पावलांवर मागे दगड लावीत. वर पोचल्यावर पहिले पीठ एका कोलामाच्या घरच्या जात्यावर दळले गेले. वडील ही गोष्ट नेहमी सांगतात, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. कारण आम्ही आलो ती भूमी रिकामी नव्हती. या डोंगरापलीकडेच जोडेघाट आहे. तिथे जल, जंगल, जमिनीसाठी निजामशाहीशी लढताना कुमराम भीम १९४० साली मारला गेला. आमच्या गाड्यांच्या चाकोऱ्या ज्या रानातून गेल्या, त्याच्यावर कोणाचा तरी आधीचा हक्क होता. दुष्काळाने आम्हांला आणले हे खरे. पण ज्याने जाते दिले त्याच्या वाट्याचे रान किती उरले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आणि आमचाही एक प्रश्न उरलाच. आगगाडीला तिकीट असते, मालमोटारीला भाड्याची चिठ्ठी असते. घरच्या बैलगाडीला कसलाच कागद नसतो. २००६ सालचा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्या रहिवाशांकडे तीन पिढ्यांच्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. आमची गाडी डोंगर चढली तेव्हापासून त्या तारखेपर्यंत पुरती तेहतीस वर्षेही होत नाहीत. वडिलांनी कचेरीच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या. आजोबांनी त्या दिवशी नांगर वाचवला, पण ज्या मातीत तो चालवला ती आजही कागदावर आमची नाही. निवड चुकली असे मी म्हणणार नाही. उपाशी माणूस वाहन निवडतो तेव्हा पुढच्या हंगामाकडे पाहतो. पंचाहत्तर वर्षांकडे पाहण्याची सवड त्याला कुठली?

त्या मुलाला मी पुढल्या आठवड्यात उत्तर दिले. म्हटले, “बाळा, माणसं गाडीत जागा किती ते बघतात, ती कुठं मोडली तर दुरुस्त होईल का ते बघतात, आणि शहाणी असली तर पोचल्यावर ती कशाच्या कामी येईल तेही बघतात.” त्याने मान डोलावली, पण त्याचे मन अजून त्या छपरावरच्या काचेतच होते. असू दे. त्या वयाला तेच शोभते.

या दिवाळीच्या सुटीत मात्र मी सगळ्या वर्गाला एकच अभ्यास दिला आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे : तुम्ही इथे कशातून आलात, बरोबर काय आणले आणि मागे काय ठेवले? ज्यांची घरे आधीपासून इथलीच आहेत, त्या गोंड-कोलाम मुलांनी विचारायचे : या गाड्या आल्या तेव्हा तुम्ही काय पाहिले? सारे एका वहीत उतरवून ठेवणार आहे. ती वही कचेरीत पुरावा म्हणून चालायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण आजवर आमच्यापाशी तेवढाही कागद नव्हता.