गारुड्याची थाळी आणि भिकेचा कायदा

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. अशा गर्दीत गारुडी डमरू वाजवून रिंगण जमवतो, जमुऱ्याशी सवाल-जवाब करतो, मोठा खेळ पेटीत झाकून ठेवतो आणि तो दाखवण्याआधीच थाळी फिरवतो. लोकांना असे धरून ठेवणे हे पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले कसब आहे.

अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासूनचा इंग्रजी कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच राज्याने १९५९ मध्ये भीक प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या व्याख्येत गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ यांच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणेही घातले. वॉरंटशिवाय अटक आणि एक ते तीन वर्षे डांबण्याची तरतूद!

नाट्यगृहात तिकीट लावले की कलावंत, रस्त्यावर थाळी फिरवली की भिकारी? हा फरक कलेचा नाही, जातीचा आहे. हातचलाखीला दैवी शक्ती म्हणणारा बाबा पूज्य. तीच हातचलाखी खेळ म्हणून दाखवणारा गारुडी मात्र आरोपी! मित्रांनो, भिकेच्या व्याख्येतून खेळ बाहेर काढा, ही मागणी आपलीही आहे.

जय भीम!