लस्तक आणि सुग्रह : धनुष्याच्या मुठीची हकीकत

काही वर्षांपूर्वी शालेय वाचनासाठी तयार होत असलेल्या एका संस्कृत पाठसंग्रहाच्या शब्दार्थांचे काम माझ्याकडे आले होते. त्यात 'लस्तक' हा शब्द आला. त्यापुढे मी 'धनुष्याचा एक भाग' एवढेच लिहिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. पुस्तक वर्गात गेले. एके दिवशी एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, "गुरुजी, कोणता भाग?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जो अर्थ आपणांस ठाऊक नाही तो 'एक भाग', 'एक वृक्ष', 'एक पक्षी' अशा शब्दांनी झाकण्याची आम्हां टीपाकारांची खोड जुनीच आहे. त्या दिवशी ती उघडी पडली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर होय.

लस्तक म्हणजे धनुष्याचा मध्य, डाव्या हाताने धरावयाची जागा. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात धनुष्याच्या अंगोपांगांची नावे ओळीने आली आहेत. टोकाला कोटी किंवा अटनी, दोरीला मौर्वी, ज्या, शिञ्जिनी, गुण, दोरीचा फटका हाताला बसू नये म्हणून बांधावयाच्या चामडी आवरणाला गोधा, आणि मध्याला लस्तक. 'लस्त' या शब्दाचा अर्थ संस्कृत कोशांत 'आलिंगलेले, धरलेले' असा दिलेला आढळतो. म्हणजे हाताची मिठी जेथे पडते ते लस्तक. कोशकारांनी याच शब्दावरून 'लस्तकी' असे धनुष्याचेच एक नाव दिले आहे. मुठीवरून सबंध शस्त्राला नाव पडावे, यातच त्या जागेचे महत्त्व आले.

परंतु कोशाने जो मान दिला तो काव्याने क्वचितच दिला. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात ताल, चाप, दारव आणि शार्ङ्ग, म्हणजे ताड, वेळू, लाकूड आणि शिंग, असे धनुष्याच्या द्रव्याचे चार भेद सांगितले. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू इत्यादी द्रव्येही नोंदविली. इ. स. १३६३ च्या शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेदाच्या भागात दोरी ओढणाऱ्या मुठीचे पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी असे पाच प्रकार नावानिशी आले आहेत. योद्ध्याच्या हाताचा असा सूक्ष्म विचार झाला. त्या हातात जे लाकूड यायचे त्याचा तो भाग कारागिराने कसा घडवावा, याचा तपशील मात्र त्या मानाने फारच थोडा.

याला एक लहानसा पण बोलका अपवाद महाभारतात सापडतो. विराटपर्वात शमीवृक्षावर बांधून ठेवलेली पांडवांची शस्त्रे उत्तर खाली काढतो, तो प्रसंग दर दसऱ्याला आपण स्मरतो. गाठोडे सुटताच तो राजपुत्र चकित होऊन एकेका धनुष्याविषयी विचारू लागतो. एकावर सोन्याचे शंभर ठिपके, दुसऱ्याच्या पाठीवर सोन्याचे हत्ती, तिसऱ्यावर इंद्रगोप किडे, चौथ्यावर तीन सूर्य, पाचव्यावर शलभ. उत्तराची दृष्टी बहुतेक पाठीवरच्या नक्षीवर खिळलेली आहे. परंतु हत्तींची नक्षी असलेल्या धनुष्याचे वर्णन करताना त्याच्या तोंडी 'सुग्रह' असे एक विशेषण येते. ज्याची पकड चांगली ते सुग्रह. आणि ते धनुष्य कोणाचे, तर भीमाचे. एका विशेषणावर सिद्धान्ताची इमारत उभारणे बरे नव्हे, छंदाच्या सोयीसाठीही तो शब्द आला असेल. तरीही ज्याचा पंजा सर्वांत मोठा त्याच्या धनुष्याची मूठ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. सोने पाठीवर असते, पण हात मुठीवर पडतो.

मूठ सुग्रह कशी होते, हे समजण्यासाठी ग्रंथ सोडून कारागिराच्या पाटाजवळ बसावे लागते. लाकडी धनुष्य तासून त्याचे दोन्ही बाहू सारखे वाकू लागले म्हणजे निम्मे काम झाले. मग कानशीचे ओरखडे खरवडून काढावयाचे. काचेच्या फुटक्या तुकड्याची धार यासाठी उत्तम चालते. नंतर काचकागदाने, आधी खरबरीत व मग मऊ, रेषेच्या दिशेने घोटावयाचे. शेवटी जवसाचे तेल किंवा मेण मुरवावयाचे, म्हणजे पावसाची ओल लाकडात शिरत नाही. येथे क्रमाला महत्त्व आहे. तेल प्यालेल्या लाकडावर सरस नीट धरत नाही. म्हणून मुठीवर चामडे चिकटवावयाचे असेल तर तेवढी जागा कोरडी राखतात, किंवा मूठ आधी बांधून मग बाहूंना तेल देतात.

मूठ गुंडाळण्यामागे हौसेपेक्षा गरज अधिक आहे. तळहाताचा घाम रोज लाकडात मुरतो व ते मळकट आणि निसरडे होते. आवरण घाम शोषते. पातळ लाकूड तळहाताला रुतते, ते आवरणाने भरते आणि हाताच्या मापाचे होते. शिवाय हात दर वेळी त्याच ठिकाणी पडला तरच बाण त्याच उंचीवरून सुटतो. दोन बोटे वर किंवा खाली धरले तर नेम चुकतो. मुठीची सीमा आखली गेली की डोळे न लावताही हात आपली जागा शोधतो.

दोरी गुंडाळण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. आमच्या गावचे एक वृद्ध सुतार मुलांच्या क्रिकेटच्या बॅटींच्या मुठी बांधून देत असत, त्यांच्याजवळ बसून मी ती पाहिली. मेण लावलेल्या दोऱ्याचे एक टोक मुठीच्या लांबीवर आडवे ठेवावयाचे आणि त्याच्यावरूनच वेढे घेत जावयाचे, म्हणजे आरंभ आपोआप दडतो. शेवटचे आठदहा वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा दुमडलेला फास मुठीवर आडवा ठेवून त्याच्यावरून वेढे घ्यावयाचे. मग दोऱ्याचे उरलेले टोक त्या फासात ओवून फास मागे ओढला की टोक वेढ्यांखाली जाऊन बसते. कोठेही गाठ दिसत नाही. मुठीवर गाठ राहिली तर काम कच्चे, कारण गाठ तळहाताला डसते, असे ते सांगत. चामड्याचेही तसेच. ते भिजवून ताणून बसविले की वाळताना आवळते आणि लाकडाला घट्ट धरते. तळव्याचा भार ज्या अंगावर पडतो तिकडे शिवण येऊ न देणे हा त्यातला विवेक.

एक भेद मात्र ध्यानात घ्यावयास हवा. काही धनुष्ये मुठीतही थोडी वाकतात, काहींची मूठ ताठ असते. ताठ मुठीवर लाकडाचे तुकडे चिकटवून हवी तशी जाडी आणता येते. वाकणाऱ्या मुठीवर सरसाने घट्ट बसविलेला कठीण थर टिकत नाही, तो उकलतो. तेथे मऊ चामडे किंवा दोरी हीच योग्य. या भेदाचे मूळ फार प्राचीन आहे. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची जी धनुष्ये सापडली ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यांचे बाहू रुंद आणि चपटे, पण मूठ अरुंद आणि जाड. म्हणजे मूठ न वाकणारी आणि हातात मावणारी असावी हा विचार अश्मयुगातील कारागिरालाही सुचला होता. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याबरोबर यू लाकडाचे सुमारे १८२ सेंटिमीटर लांबीचे धनुष्य होते, पण ते अपुरे. त्यावर तासल्याच्या खुणा अजून तशाच आहेत. त्या हाताला घोटाईपर्यंत पोहोचण्यास अवधी मिळाला नाही.

इंग्लंडच्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेची गोष्ट याहून निराळी. ती १९ जुलै १५४५ रोजी बुडाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्यातून शंभरावर अखंड धनुष्ये मिळाली, परंतु त्यांच्या मुठींवर आवरणाचा पुरावा आढळत नाही. ती धनुष्ये राजाच्या सेनेची, फार मोठ्या संख्येने होणारी. ज्याच्या हाती पडतील त्याने वापरावयाची. उलट जपानमध्ये धनुष्य सुमारे सव्वादोन मीटर लांब, आणि मूठ मध्यावर नसून खालच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर. तिच्यावर हरणाच्या कातड्याची पट्टी वेढून बसवितात. ती झिजली की धनुर्धर स्वतःच नवी गुंडाळतो. धनुष्य कारागिराचे, मूठ मात्र धरणाऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

मेरी रोझ बुडाली त्याच वर्षी रॉजर ॲस्कम या केंब्रिजच्या विद्वानाचा 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे हाच गृहस्थ राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला आणि अध्यापनावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० साली निघाला. मेण लावलेल्या लोकरी फडक्याने धनुष्य रोज घासून चकचकीत ठेवावे, असा उपदेश तो विद्वान करतो. लॅटिन वा ग्रीकमध्ये लिहिणे त्याला अधिक सोपे आणि अधिक मानाचे होते, तरी त्याने हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला आणि तसे करण्याचे समर्थन प्रस्तावनेत केले. शिक्षकाने कारागिरीचे ज्ञान देशभाषेत आणणे कमीपणाचे नाही, हे त्याने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना हे उदाहरण जवळचे वाटावे.

आपल्याकडे साधने कमी नाहीत. १९४६ साली बयाना येथे गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा ठेवा सापडला आणि त्याची सूची डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी १९५४ साली प्रसिद्ध केली. धनुर्धर प्रकारच्या नाण्यांचे उपप्रकार पाडताना राजाने धनुष्य मध्यावर धरले आहे की वरच्या टोकाशी, दोरी आत आहे की बाहेर, याचाही विचार होतो. म्हणजे लस्तकावर हात आहे की नाही, यावरून नाणे ओळखावयाचे. इंदूर आणि बडोद्याच्या आसपासच्या भिल्ल वस्त्यांत वेळूचे कामठे आणि वेळूच्याच पातळ कामटीची दोरी हा प्रकार अनेक पिढ्या चालत आला. बेळगावकडच्या कानडी शेजाऱ्यांच्या भाषेत धनुष्याला 'बिल्लु' म्हणतात. या सर्व भागांत मराठी माणूस शतकानुशतके नांदत आहे. तिरकामठा घडविणाऱ्यांच्या तोंडी मुठीला, तिच्या वेढ्यांना, तिच्या घोटाईला जे शब्द असतील ते टिपून घेण्याचे काम आपल्याच हातचे होते आणि आहे. त्या हातांबरोबर ते शब्दही जातील. मग 'एक भाग' याखेरीज कोशात लिहावयास काही उरणार नाही.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगताना गांडीव हातातून गळत असल्याचे बोलतो. वर्गात हे शिकविताना मी पूर्वी विषादाविषयी पुष्कळ बोलत असे. आता आधी मुठीविषयी बोलतो. घाम सुटलेला तळहात, रोजच्या सरावाने मापाची झालेली जागा आणि त्या ओळखीच्या जागेवरूनही सुटत चाललेली बोटे, हे चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले की विषाद निराळा समजावून सांगावा लागत नाही. त्या शब्दसंग्रहाच्या माझ्या प्रतीत 'धनुष्याचा एक भाग' हे शब्द खोडून 'धनुष्य धरावयाची जागा, मूठ' असे मी लिहून ठेवले आहे.