काहीच बिघडलेले नसताना

२००८ सालच्या जुलैमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप आला. शाळेत नवा सर्व्हर बसवून महिनाही झाला नव्हता आणि तो परत करायची भाषा सुरू झाली होती. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ही व्यवस्था करून दिली होती. त्यामुळे मुख्याध्यापकांना तांत्रिक अडचणीपेक्षा लोकांना काय सांगायचे याचीच काळजी अधिक होती.

खोलीत चोवीस जागा होत्या. मुलांपुढे नुसता पडदा, कळफलक, माउस आणि एक लहानशी पेटी. चित्र काढण्याचा प्रोग्रॅम असो की पत्रलेखनाचा, चालायचे सगळे कोपऱ्यातल्या सर्व्हरवर. यंत्र बसवणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी स्वतः एका जागेवर बसून सगळे दाखवले, तेव्हा बोट टेकताच काम होत होते. वर्ग सुरू झाल्यावर मात्र रोज एकच प्रकार. पहिली दहा मिनिटे ठीक, मग अक्षरे उमटायला वेळ, मग माउसचा बाण अडखळायचा, आणि अर्ध्या तासात चोवीस पडदे गोठल्यासारखे. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की पुन्हा दहा मिनिटे बरी जायची. मुलांची चित्रे अर्थातच पुसली जायची. आठवीतल्या एका मुलीने एकच चित्र चार वेळा काढले होते आणि एकदाही ते तिला साठवता आले नव्हते.

शाळेने आपल्या परीने सगळे करून पाहिले होते. केबल बदलली, विषाणू शोधून झाले, विजेचा दाब मोजून झाला. मी गेलो तेव्हा वर्ग भरलेला होता. सर्व्हरच्या दर्शनी बाजूचा हार्ड डिस्कचा दिवा एरवी लुकलुकतो, तो सलग पेटून राहिला होता. आणि पडद्यावरचा तक्ता सांगत होता, की प्रोसेसरचा दहातला एक भागही वापरात नाही. म्हणजे चोवीस मुले ज्याची वाट पाहत होती, तो स्वतः जवळजवळ रिकामा बसला होता!

हे दृश्य नवे नाही. १९६०च्या दशकात, खोलीभर पसरणाऱ्या संगणकांपुढे बसलेल्या माणसांनी नेमके हेच पाहिले होते. त्याचे कारण शोधायला त्यांना काही वर्षे लागली.

त्या काळी संगणकाची मुख्य मेमरी चुंबकीय कड्यांची असे. ती वेगवान होती, पण अतिशय महाग. तिच्या जोडीला फिरणारे चुंबकीय ड्रम असत. त्यांवर पुष्कळ माहिती मावे, पण हवी ती जागा वाचकबिंदूखाली फिरून येईपर्यंत थांबावे लागे. मोठा प्रोग्रॅम मेमरीत मावत नसेल तर त्याचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा केव्हा आत आणायचा आणि कोणता बाहेर टाकायचा हे सगळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः ठरवायचे. गणित सोडवण्यापेक्षा ही हमालीच जास्त.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हमाली यंत्रावरच सोपवली. फेरांटी कंपनीच्या साथीने त्यांनी बांधलेला अ‍ॅटलस हा संगणक डिसेंबर १९६२मध्ये कार्यान्वित झाला. त्यात १६,३८४ शब्दांची कड्यांची मेमरी आणि ९८,३०४ शब्दांचे ड्रम होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र हे दोन निरनिराळे साठे दिसतच नसत, सगळी मिळून एकच मोठी मेमरी आहे असे त्याने समजायचे. यंत्र या साठ्याची ५१२ शब्दांची ‘पाने’ करी. जे पान लागेल आणि मेमरीत नसेल, ते ड्रमवरून आणी, आणि जागा करण्यासाठी दुसरे एखादे पान ड्रमवर परत पाठवी. हीच आभासी मेमरी. आपल्या हातातल्या फोनपर्यंत सर्वत्र आज हीच कल्पना आहे.

स्वयंपाकघराची उपमा इथे चपखल बसते. ओटा म्हणजे मुख्य मेमरी आणि माळा म्हणजे ड्रम किंवा डिस्क. घरातली सगळी भांडी ओट्यावर मावत नाहीत. पण लागेल ते भांडे माळ्यावरून काढून देणारा आणि नको ते वर ठेवणारा एक हरकाम्या मिळाला, तर स्वयंपाक करणाऱ्याला सगळे घर ओट्याएवढेच हाताशी वाटेल.

फक्त माळ्यावर चढायला वेळ लागतो, आणि तो किती हे अ‍ॅटलसच्याच आकड्यांवरून काढता येते. कड्यांच्या मेमरीचे एक आवर्तन दोन दशलक्षांश सेकंदाचे. ड्रमवरचे पान सापडायला सरासरी सहा आणि ते आत यायला दोन, असे आठ सहस्रांश सेकंद. म्हणजे माळ्यावरची एक खेप ओट्यावरच्या ४,००० हालचालींइतकी. आता हजार वेळा मेमरीकडे हात गेला आणि त्यात एकदाच पान आत नव्हते असे धरू. वेळ लागेल १,००० अधिक ४,०००, म्हणजे पाचपट. शंभरात एकदा चुकले तर? १,००० अधिक १० गुणिले ४,०००, म्हणजे ४१ पट. चुकण्याचे प्रमाण हजारात एकावरून हजारात दहावर जाणे ऐकायला किरकोळ वाटते. यंत्रापुढे बसलेल्याला मात्र ते यंत्र मेल्यासारखे वाटते. नववीच्या वर्गाला हे गणित फळ्यावर जरूर घालावे.

या खेपा वाया जाऊ नयेत म्हणून एक तोड होती. एका प्रोग्रॅमचे पान येईपर्यंत प्रोसेसरने दुसऱ्याचे काम करायचे. त्यासाठी मेमरीत एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम ठेवू लागले. प्रोसेसर रिकामा दिसला की आणखी एक प्रोग्रॅम आत घ्यावा, हा साधा, शहाणपणाचा वाटणारा नियम. यंत्राची किंमत लाखो डॉलर असे. ते बसून राहिलेले कोणाला बघवणार?

नेमका तिथेच घात होता. एका ओट्यावर दोन जणींनी स्वयंपाक करावा, तीन जणींनी करावा. पाचवी आली की तिच्या परातीसाठी पहिलीची कढई माळ्यावर जाते. पहिलीला फोडणीसाठी कढई लागतेच; मग ती खाली येते आणि दुसरीचा पाटा-वरवंटा वर जातो. थोड्या वेळाने पाचही जणी हात बांधून माळ्याकडे पाहत उभ्या, हरकाम्या घामाघूम, आणि चुलीवर काहीच नाही. अशा वेळी घरच्या यजमानाने डोकावून पाहिले आणि ‘बायका रिकाम्या दिसतात, आणखी एकीला बोलवा’ असे सांगितले तर काय होईल? संगणकाचा व्यवस्थापक प्रोग्रॅम तेच करत होता. प्रोसेसर रिकामा, म्हणून नवा प्रोग्रॅम आत. त्याने पाने आणखी पळवली, म्हणून प्रोसेसर आणखी रिकामा. या अवस्थेला अभियंत्यांनी ‘थ्रॅशिंग’ म्हटले. तडफड हा आपला शब्द तिला लागू पडतो.

यात बिघाड शोधणाऱ्याची पंचाईत अशी, की एकेक भाग तपासला तर प्रत्येक निर्दोष निघे. ड्रम ठीक, मेमरी ठीक, प्रोसेसर ठीक, प्रोग्रॅमही बरोबर. आयबीएमच्या ३६०/६७ या संगणकासाठी केलेली काळविभागणीची प्रणाली सुरुवातीला इतकी संथ ठरली, की तिची बदनामी झाली. आभासी मेमरी ही कल्पनाच मुळात चुकीची, प्रोग्रॅमचे तुकडे माणसानेच पाडावेत, असे म्हणणारे जाणकार कमी नव्हते.

कोडे उलगडले ते एमआयटीत संशोधन करणाऱ्या पीटर डेनिंग या तरुणाने. १९६७ साली त्याने ‘कार्यसंच’ ही कल्पना मांडली आणि १९६८ साली थ्रॅशिंगची कारणे व उपाय सांगणारा निबंध सादर केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. प्रोग्रॅम आपली सगळी पाने सारखी चाळत नाही. फेऱ्या आणि कोष्टके यांमुळे काही काळ तो मोजक्याच पानांवर रेंगाळतो, मग दुसऱ्या मोजक्या पानांवर जातो. पोळ्या करताना पोळपाट, लाटणे, तवा एवढेच लागते, कुकर नाही. नुकत्याच सरलेल्या ठराविक काळात ज्या पानांना हात लागला ती पाने म्हणजे त्या प्रोग्रॅमचा त्या वेळचा कार्यसंच. तो पूर्ण मेमरीत असेल तर प्रोग्रॅम धावतो. थोडा जरी अपुरा असेल तर खेपा सुरू होतात. म्हणून नियम असा, की ज्याचा कार्यसंच मावतो त्यालाच आत घ्यावे. बाकीच्यांना, प्रोसेसर रिकामा दिसत असला तरी, दाराबाहेर थांबवावे.

थांबवल्याने काम लवकर होते हे त्या काळच्या व्यवस्थापकांच्या गळी उतरायला कठीणच गेले असणार. मला स्वतःला डेनिंगचे मोठेपण इथे वाटते. त्याने नवे यंत्र केले नाही. रिकामपणाचा अर्थ कामाचा अभाव असा होत नाही, एवढे त्याने मोजून दाखवले.

मेमरी वाढवणे हा उपाय आहेच, पण तोही १९६९ साली एकदा गमतीदार रीतीने तोंडघशी पडला. आयबीएममध्ये काम करणारे मूळचे हंगेरीचे लास्लो बेलाडी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की काही वेळा मेमरी वाढवल्यावर खेपा वाढतात! हा प्रयोग वर्गात चिठ्ठ्यांवर करता येतो. टेबलावर तीन चौकोन आखा. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने चिठ्ठ्या मागा. चिठ्ठी टेबलावर नसेल तर पेटीतून आणायची. जागा नसेल तर जी सर्वांत आधी आली ती परत पाठवायची. पेटीकडे नऊ खेपा होतात. आता चौकोन चार करा आणि तोच क्रम तोच नियम पाळून मागा. दहा खेपा. मुलांचा विश्वास बसत नाही, ती पुन्हा मोजतात. दोष जागेचा नाही, आधी आलेल्याला आधी घालवण्याच्या नियमाचा आहे. ‘जी सर्वांत जास्त वेळ वापरली नाही ती घालवा’ असा नियम केला तर जागा वाढल्याने खेपा कधीच वाढत नाहीत.

त्याच वर्षी आयबीएमच्याच डेव्हिड सेयर यांनी प्रयोगांती दाखवले, की चांगल्या नियमाने चालणारे यंत्र पाने हलवण्यात माणसाच्या तोडीस तोड ठरते. ऑगस्ट १९७२मध्ये आयबीएमने आपल्या ३७० या मालिकेसाठी आभासी मेमरी जाहीर केली आणि वाद मिटला.

आजार मात्र दुसऱ्या अंगाने पुन्हा आला. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यातला माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणे जेमतेम ४०० यार्डांवर. माणूस कागद हातात घेऊन चालत गेला असता तरी लवकर पोचला असता. इथेही तारा शाबूत होत्या. वाटेत रांग लागली की पाठवणाऱ्या संगणकाला वाटे, आपले पाकीट हरवले. तो तेच पुन्हा पाठवी आणि रांग आणखी वाढे. जॉन नेगल यांनी १९८४ सालीच या धोक्याचा इशारा दिला होता. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी उपाय केला तो डेनिंगच्या जातीचा: थोड्यापासून सुरुवात करा, पोच येईल तसे वाढवा, पाकीट हरवल्याचे दिसताच निम्म्यावर या. इंटरनेट त्यानंतर टिकले.

तर आमच्या शाळेत मी काय केले? एका मुलाला एकट्याला बसवले आणि त्याला किती मेमरी लागते ते पाहिले. सुमारे ६० मेगाबाइट. सर्व्हरला एकूण १,०२४, त्यातली २०० त्याच्या स्वतःच्या कारभारासाठी. भागाकार मुख्याध्यापकांनीच केला: तेरा मुले. मग आम्ही मुले एकेक करून बसवली. तेराव्या मुलापर्यंत दिवा लुकलुकत होता. पंधरावा बसला आणि त्याने चित्र उघडले, तसा दिवा सलग पेटला. हळूहळू मंदावण्याचे कारणही समजले. मुले एकामागून एक प्रोग्रॅम उघडत, जुना बंद करत नसत.

मेमरीसाठी पैसे दिवाळीनंतर मिळणार होते. तोवर संगणक शिकवणाऱ्या बाईंनी पुठ्ठ्याचे बारा बिल्ले कापले आणि दाराजवळच्या खिळ्यांना टांगले. बिल्ला असेल त्यानेच संगणकावर बसायचे, बाकीच्यांनी वहीत आराखडा काढायचा, वीस मिनिटांनी अदलाबदल. काही पालकांनी तक्रार केली, की निम्मे संगणक रिकामे का? पहिल्याच तासाला चोवीसच्या चोवीस चित्रे साठवली गेली. त्या मुलीचे चित्र नदीच्या घाटाचे होते.