नीपरच्या प्रपातांपलीकडचे कोसॅक
नीपर नदी जिथे कातळांवरून फेसाळत उतरे, त्या प्रपातांच्या, म्हणजे नौका अडवणाऱ्या खडकाळ उतारांच्या, खालच्या बेटांवर सोळाव्या शतकात झापोरोझियन कोसॅक या लढवय्यांनी ‘सीच’ हा तटबंदीचा तळ उभारला. वेठबिगारीतून पळालेले कुणबी तिथे आश्रय घेत आणि ‘राडा’ या सर्वसभेत आपला सरदार स्वतः निवडत, जे त्या काळाच्या मानाने नवलच होते. १६४८ मध्ये कोसॅक सरदार बोहदान ख्मेलनित्स्कीने याच बळावर त्या भागावरील पोलिश सत्तेविरुद्ध बंड पुकारले. मात्र १६५४ मध्ये पेरेयास्लाव येथे त्याने मॉस्कोच्या झारचे संरक्षण पत्करले, ज्याला कोसॅक तह समजत आणि झार मांडलिकत्व. हा फरक कोसॅकांनाच भोवला: १७७५ मध्ये कॅथरीन दुसरीच्या फौजेने सीच उद्ध्वस्त केली, आणि पुढे १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या नीपरवरील धरणाने प्रपातही बुडवले.