रंगाची साक्ष

रसायनशास्त्रांत रंग हा फार जुना साक्षीदार होय. १६६४ सालीं रॉबर्ट बॉइलनें आपल्या रंगविषयक ग्रंथांत दाखविलें कीं, व्हायोलेट फुलांचा निळा पाक आम्ल मिसळल्यास तांबडा होतो व अल्कली मिसळल्यास हिरवा. पदार्थाची जात ओळखण्यास एवढी साक्ष पुरेशी होती. परंतु पदार्थ किती आहे, हा प्रश्न येतांच ती अपुरी पडूं लागली. रंग गडद आहे हें डोळा सांगतो. किती पटींनीं गडद, हें त्यास सांगतां येत नाहीं.

१८५२ सालीं जर्मनींत ऑगस्ट बेअर यानें द्रावणाची तीव्रता व प्रकाशाचें शोषण यांचा संबंध मांडला. त्याच शतकांत पॅरिसच्या झ्यूल द्युबोस्कनें वर्णमापक यंत्र तयार केलें. एका नळींत माहीत असलेलें द्रावण, दुसरींत अज्ञात. दोन्ही सारखीं दिसेपर्यंत त्यांची खोली कमीअधिक करावयाची. अज्ञात द्रावण निम्म्या खोलींत जुळलें, तर तें दुप्पट तीव्र. डोळ्यास मापावयास न लावतां केवळ तुलना करावयास लावावें, हें या युक्तीचें मर्म.

या तुलनेवर केवढें अवलंबून असतें, हें बांगलादेशांत दिसून आलें. तेथें २००० सालाच्या सुमारास लाखों कूपनलिकांच्या पाण्यांतील आर्सेनिक, म्हणजे सोमल, तपासण्यांत आलें. पाण्यापासून निघालेला वायु रसायन लावलेल्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग उमटवितो. तो छापील रंगपट्टीशीं ताडून पंपास हिरवा किंवा तांबडा रंग द्यावयाचा. सीमेवरच्या डागाविषयीं दोन माणसांची नजर जुळेलच असें नाहीं. आणि चुकून हिरव्या ठरलेल्या पंपाचें विष घरांतलीं मुलें वर्षानुवर्षें पितात.

अशा ठिकाणीं डिजिटल कॅमेरा उपयोगी पडतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं प्रकाशाचें विद्युत्भारांत रूपांतर करून तो टिपण्याची युक्ति काढली. बॉइल हें आडनांव पुन्हां यावें, हा योगायोगच! आज कॅमेरा चित्राच्या प्रत्येक बिंदूसाठीं तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे देतो. ते थकत नाहींत आणि जपूनहि ठेवतां येतात.

तथापि हा साक्षीदार अगदीं निःपक्षपाती नव्हे. उजेड बदलला कीं तो पांढऱ्या रंगाची आपली समजूत स्वतःच बदलतो. म्हणून एकच डाग उन्हांत एक आंकडा देतो, दिव्याखालीं दुसरा. यास्तव माहीत प्रमाणाचे डागहि त्याच चित्रांत, त्याच उजेडांत घ्यावे लागतात. द्युबोस्कची दुसरी नळी अद्याप सुटलेली नाहीं. आंकडा मिळाला म्हणजे सत्य मिळालें, असें मानण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनीं ती नळी विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.