गर्भाला ‘परका’ कोणी ठरवलं?

दोन-तीनदा आयव्हीएफ फसलं, चांगले दिसणारे गर्भही रुजले नाहीत, की अनेकींना एक वाक्य ऐकावं लागतं: ‘तुमचं शरीरच गर्भाला नाकारतंय.’ ऐकताना ते निदान वाटतं. खरं तर ती एक जुनी उपमा आहे.

तिची मुळं दुसऱ्या महायुद्धात सापडतात. भाजलेल्या रुग्णाला दुसऱ्याची त्वचा लावली तर ती टिकत का नाही, याचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर घेत होते. परकी त्वचा ओळखून रोगप्रतिकारशक्तीच ती नष्ट करते, हे त्यांनी दाखवलं. मग १९५३ साली त्यांनी विचारलं, गर्भाची निम्मी जनुकं वडिलांची असतात, तरी आईचं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं? दोघांमध्ये भिंत असेल, गर्भाची ओळख अजून कच्ची असेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असेल, अशा तीन शक्यता त्यांनी मांडल्या.

प्रश्न मोलाचा होता. पण त्यातून गर्भ म्हणजे परका अवयव, हे चित्र पक्कं झालं आणि पुढे त्यावर उपचारही उभे राहिले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचायच्या, म्हणजे तिचं शरीर त्याची जनुकं स्वीकारायला शिकेल, असा तर्क होता. १९८५ साली लंडनमधल्या एका चाचणीत नवऱ्याच्या पेशी मिळालेल्या २२ पैकी १७ जणींना यश आलं. स्वतःच्याच पेशी मिळालेल्या २७ पैकी फक्त १० जणींना. आशा पसरायला एवढं पुरेसं होतं.

१९९९ साली कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नवऱ्याच्या पेशी टोचलेल्यांत यश ३६ टक्के, नुसतं सलाइन टोचलेल्यांत ४८ टक्के! २००२ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर हा उपचार थांबवायला सांगितलं. मधल्या काळात कित्येक जोडप्यांनी त्यासाठी दंड पुढे केले होते.

दरम्यान जनुकशास्त्राने चित्रच उलटं केलं. गर्भपिशवीच्या अस्तरात ‘नॅचरल किलर’ पेशी भरपूर असतात. नाव भीतीदायक, पण तिथे त्या गर्भाला मारत नाहीत. वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद व्हायला मदत करतात. या पेशींवर ‘केआयआर’ नावाचे ग्राहक असतात आणि ते वारेच्या पेशींवरची ‘एचएलए-सी’ ही खूण वाचतात. २००४ साली केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाला दिसलं, की आईचे केआयआर ‘एए’ प्रकारचे आणि गर्भाची खूण ‘सी२’ असेल, तर गरोदरपणातल्या रक्तदाबाचा गंभीर आजार, प्रीएक्लॅम्प्सिया, जास्त आढळतो. या जोडीत किलर पेशी जास्तच दबतात. म्हणजे इथे अडचण हल्ल्याची नसून, त्या पुरेशा कामाला न लागण्याची असावी.

गर्भ न रुजण्यातही या जोडीचा हात आहे का, हे अजून तपासलं जातंय. तोवर दंडातल्या रक्तातल्या किलर पेशी मोजून गर्भपिशवीत काय चाललंय ते कळत नाही. त्या पेशी वेगळ्या असतात. आणि गर्भ न रुजण्यामागे अनेकदा गर्भाच्याच गुणसूत्रांतला दोष असतो. त्यात कोणाच्या शरीराने कोणाला नाकारलेलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी प्रतिकारशक्ती दाबणारं महागडं औषध सुचवलं, तर १९९९च्या चाचणीने विचारलेला साधा प्रश्न विचारावा: हे न घेतलेल्यांचं काय झालं?