गाडीचा हीटर पुरेसा तापत नसेल तर

मुंबई-पुण्याच्या हवेत मोटारीच्या हीटरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शिकागो, बफेलो किंवा मिनिआपोलिसच्या हिवाळ्यात मात्र तो केवळ सोयीचा भाग राहत नाही. समोरच्या काचेवरील धुके आणि बर्फाचा पापुद्रा उष्ण हवेनेच निवळतो, आणि हिमवादळात महामार्गावर वाहतूक खोळंबली तर ऊब देणारे दुसरे साधन गाडीत क्वचितच असते. म्हणूनच हीटरची परीक्षा जानेवारीत न होता नोव्हेंबरात झालेली बरी.

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत हीटरसाठी बहुधा वेगळी शेगडी नसते. इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या कूलंटचा एक प्रवाह डॅशबोर्डामागील छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरतो आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. त्यामुळे हवा कोमट येऊ लागली की दोष हीटरचाच आहे असे समजू नये. पुष्कळदा ती इंजिनाच्या शीतन-व्यवस्थेने दिलेली पहिली सूचना असते.

आरंभी एक भेद स्पष्ट करून घ्यावा: ऊब कमी आहे की वारा कमी आहे? हवा गरम, पण झोत क्षीण असेल तर केबिनचा एअर फिल्टर धूळ आणि पाचोळ्याने तुंबलेला असण्याचा संभव मोठा. अनेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हत्यारांवाचून बदलता येतो. पंखा केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो.

झोत जोरदार, परंतु हवा थंड असेल तर तापमानदर्शक काट्याकडे पाहावे. पंधरा-वीस मिनिटे चालवूनही काटा नेहमीच्या जागेवर येत नसेल, किंवा महामार्गावर वेग घेताच खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असल्याची शंका घ्यावी. ही झडप साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते. तोवर कूलंटने मोठ्या रेडिएटरकडे जाऊ नये अशी तिची योजना असते. भारतात इंजिन तापू नये म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकीत, आणि तिकडच्या उन्हात त्याचा तोटा चटकन जाणवत नसे. उणे वीस अंशांच्या थंडीत तसे केल्यास इंजिन तापतच नाही, इंधन अधिक जळते आणि हीटर नावापुरता उरतो. थर्मोस्टॅट हा सहसा स्वस्त भाग आहे. पुष्कळ गाड्यांत तो बदलण्याचे कामही फार मोठे नसते.

गाडी उभी असताना हवा गार आणि ॲक्सिलरेटर दाबताच गरम, असा प्रकार असेल तर कूलंट कमी झाला आहे किंवा नळ्यांत हवा अडकली आहे, असा तर्क करता येतो. पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळता द्रव अंगावर उसळतो. येथेही मायदेशची एक सवय आड येते, ती म्हणजे कमी पडले की नळाचे पाणी ओतण्याची. एथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पाण्याचे प्रमाण वाढले की ही मर्यादा वर सरकते आणि गोठलेले पाणी इंजिनालाच तडा देऊ शकते. कूलंटचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच घ्यावा. सांडलेला थेंब लगेच पुसावा. त्याची चव गोडसर असून तो मुलांना आणि पाळीव प्राण्यांना घातक विषासारखा आहे.

पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर भर घालत राहणे हा उपाय नव्हे. काचेवर तेलकट थर, गोडसर वास आणि पुढच्या आसनापाशी ओला गालिचा ही हीटर कोअर गळत असल्याची चिन्हे आहेत. बाहेर कोठेही गळती नसता इंजिन तापल्यावरही धुरांड्यातून गोड वासाची दाट पांढरी वाफ येत राहिली तर हेड गॅस्केट गेल्याची भीती असते. मग गाडी चालवू नये.

काटा योग्य, कूलंट पुरेसा, तरीही ऊब नाही, अशा वेळी निदान करतात त्या हीटर कोअरच्या दोन नळ्या. इंजिन तापल्यावर, फिरत्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, त्यांचा अदमास जाड हातमोज्याने किंवा इन्फ्रारेड तापमापकाने घ्यावा. एक तप्त आणि दुसरी गार असेल तर कोअर गाळाने तुंबला आहे किंवा त्याची झडप बंद आहे. तुंबलेला कोअर उलट दिशेने, मंद दाबाच्या पाण्याने धुता येतो. गळती थांबवणारी बाटलीतील रसायने वापरलेल्या गाड्यांत हा गाळ अधिक आढळतो. दोन्ही नळ्या तप्त असतील तर दोष हवेच्या मार्गातील झडपेत, म्हणजे ब्लेंड डोअरमध्ये, शोधावा. डॅशबोर्डामागून टकटक आवाज येणे, किंवा चालकाकडे गरम आणि शेजारी गार हवा येणे, ही तिच्या बिघडलेल्या मोटरची खूण. खर्चाचा अंदाज इथेच घ्यावा: ती मोटर बहुधा माफक दरात बदलता येते, पण कोअर बदलायला अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी सुट्या भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

यांतील कोणतीही तपासणी इंजिन चालू ठेवून गॅरेजमध्ये करू नये, दार उघडे असले तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो खोल्यांत शिरतो. बर्फात अडकलेल्या गाडीतही हीटर लावण्यापूर्वी धुरांड्याभोवतीचा बर्फ उपसावा.

विजेच्या गाड्यांना हे निदान लागू पडत नाही. तेथे ऊब विद्युत हीटर किंवा हीट पंपाकडून येते आणि व्यवस्था उच्च दाबाच्या विजेवर चालते. घरी पाहण्याजोगा भाग म्हणजे केबिनचा फिल्टर तेवढा.